बडोद्याच्या आकाशातले शिकारी पक्षी कसे ओळखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कोणत्या पक्ष्यापासून करावी?

घारीपासून. उत्तर ऐकून पुष्कळांचा विरस होतो, कारण दुर्बीण घेतलेली असते ती गरुड बघायला. पण बडोद्यात मान वर केली की दहातले नऊ वेळा जे दिसते ते घारच असते. ओळखण्यातल्या बहुतेक चुकांचे मूळही तेच: घार नीट पाहिलेलीच नसते. महिनाभर मांडवीच्या गच्चीवरून, सूरसागरच्या पाळीवरून किंवा कमाटीबागेच्या बाकावर बसून नुसती घार पाहा. संथपणे पंख मारते, मग तरंगते. तरंगताना पंख मनगटाशी किंचित वाकलेले आणि टोके जराशी खाली झुकलेली असतात. शेपटी मात्र स्वस्थ नसते. नावाड्याने सुकाणू फिरवावे तशी ती डावी-उजवी वळत राहते, आणि वळताना एक कड वर, दुसरी खाली जाते. ही सवय इथल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शिकारी पक्ष्यात इतकी ठळक नाही. आवाज लांबट, थरथरणारा, शिट्टीसारखा.

एवढे डोळ्यांत बसले की एक दिवस काहीतरी वेगळे जाते आणि मन आपोआप म्हणते, ‘ही घार नव्हे.’ तिथून खरी ओळख सुरू होते.

शेपटीला खाच दिसली नाही, म्हणजे घार नाही ना?

असे नाही. मिटलेल्या शेपटीच्या टोकाला मधोमध खाच, ही घारीची खूण खरी. पण घारीने वळण्यासाठी शेपटी पंख्यासारखी उघडली की खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. पिसे गळण्याच्या काळात बाहेरची लांब पिसे पडलेली असतात, तेव्हाही खाच दिसत नाही. पिल्लांची खाच मुळातच उथळ असते, शिवाय त्यांच्या अंगावर फिकट ठिपके आणि रेघा असतात, त्यामुळे ‘ठिपक्यांचा गरुड दिसला’ असे फोटो येतात. एका नजरेत निर्णय नको. पक्षी दोन-तीन गिरक्या घेईपर्यंत थांबा, शेपटी मिटली की खाच दिसेल.

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या घारीही आपल्या घारींत मिसळतात. त्या थोड्या थोराड असतात, कानाजवळ गडद डाग असतो आणि पंखांखाली, टोकाच्या सुट्या लांब पिसांच्या मुळाशी, मोठा पांढरा ठिगळासारखा भाग दिसतो. त्यांना वेगळी जात समजू नका, घारच ती.

भगवी घार तर सहज ओळखू येते?

मोठी झालेली येते: विटकरी अंग, पांढरे डोके आणि छाती, गोल टोकाची शेपटी. मराठीत ब्राह्मणी घार, गुजरातीत भगवी समडी. फसवते ते तिचे पिल्लू. ते तपकिरी, घारीसारखेच, फक्त आकाराने लहान आणि शेपटी गोल, बिनखाचेची. तलावावर ‘आखूड शेपटीची घार’ दिसली तर आधी हिचे पिल्लू आठवा.

समडी, बाज, ससाणा, गरुड, शकरो: नावांचा हा गुंता कसा सोडवायचा?

बडोद्यातल्या मराठी घरांत तीन भाषा एकाच स्वयंपाकघरात नांदतात, तेव्हा गोंधळ व्हायचाच. गुजरातीतली समडी ती आपली घार. शकरो तो शिक्रा, टीसो तो तिसा, कपासी ती कापशी. पट्टाई म्हणतात ते आपले भोवत्ये, आणि लरजी म्हणजे खरूची. ही नावे बरीच जवळजवळची आहेत, अडचण नाही.

अडचण ‘बाज’ आणि ‘गरुड’ या शब्दांची. बोलताना लोक कोणत्याही मोठ्या शिकारी पक्ष्याला गरुड आणि लहानाला बाज म्हणतात. खेड्यातल्या माणसाने ‘तिकडे बाज बसतो’ सांगितले तर तो तिसा असू शकतो, शिक्रा असू शकतो, घारसुद्धा. नावावर वाद घालू नका. कुठे बसतो, काय खातो, कसा ओरडतो, हे विचारा. ती माहिती बहुधा अचूक असते.

रंगावरून ओळखायला का मना करता?

कारण आकाशाच्या उजेडासमोर खालून बघताना सगळे पक्षी काळे दिसतात. कोवळ्या उन्हात तोच पक्षी तांबूस वाटतो, ढगाळ हवेत करडा. शिवाय नर, मादी, पिल्लू, दोन वर्षांचा पक्षी, यांचे रंग निरनिराळे. मधुबाजासारख्या पक्ष्यात तर एकाच जातीत जवळजवळ पांढऱ्यापासून गडद चॉकलेटीपर्यंत सगळे रंग सापडतात.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पंख: टोके टोकदार की रुंद, आणि टोकाशी पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात का. मग शेपटी: पंखाच्या रुंदीपेक्षा लांब की आखूड, टोकाशी गोल, सरळ की खाचेची. मग तरंगताना पंख कसे धरतो: सपाट, खाली झुकलेले की वर उचललेले. मग पक्षी काय करतोय आणि कुठे करतोय. रंग, रेघा, ठिपके सर्वांत शेवटी, पक्षी जवळ आणि उजेड पाठीमागे असला तरच.

मग ढोबळ गट कसे पाडायचे?

ससाणे: पंख लांब, कोयत्यासारखे टोकदार, बोटे दिसत नाहीत, पंखांची उघडझाप भराभर. शिक्र्याचा गट: पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब, चार-पाच वेळा पंख मारतो, मग थोडा सरकतो, पुन्हा पंख मारतो. झाडांमधून वळणे घेत जाण्यासाठी ही बांधणी आहे. भोवत्ये: सडपातळ, लांब पंख, लांब शेपटी, शेतावरून किंवा गवतावरून माणसाच्या उंचीवर हेलकावत जातात आणि तरंगताना पंख वर उचलून धरतात. गरुड: फळीसारखे रुंद पंख, टोकाला स्पष्ट बोटे, डोके पुढे आलेले, उड्डाण जडशीळ. गिधाडे: गरुडाहून रुंद पंख, शेपटी इतकी आखूड की मागून कापल्यासारखी वाटते, पंख क्वचितच मारतात.

एक गंमत: दिसायला सारखे असले तरी ससाणे हे गरुड-घारींचे जवळचे नातलग नाहीत. जनुकांचा अभ्यास झाल्यावर ते पोपटांच्या अधिक जवळचे निघाले. शिकारीची बांधणी दोघांनी स्वतंत्रपणे कमावलेली.

आकार कसा मोजायचा?

एकट्या पक्ष्याचा आकाशात मोजता येत नाही. अनुभवी माणूसही फसतो, म्हणून ‘खूप मोठा होता’ या वर्णनाला फारशी किंमत नाही. मात्र शिकारी पक्षी फार काळ एकटे राहत नाहीत. कावळे किंवा कोतवाल त्यांच्या मागे लागतात. तेवढ्यात तुलना करून घ्या. गावकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 40 सेंटिमीटर, पारवा 33, साळुंकी 23. शिक्रा, खरूची आणि कापशी हे तिघे पारव्याच्या आसपास. घार साधारण 60 सेंटिमीटर आणि पंख पसरले की दीड मीटरच्या जवळपास. पाठलाग करणारा कावळा ज्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसतो, तो गरुड असण्याची शक्यता धरा.

मादी नराहून मोठी असते, हेही लक्षात असू द्या. एका फांदीवरच्या जोडीत लहान पक्षी म्हणजे पिल्लू, असे समजणे ही नेहमीची चूक.

शेतावर हवेत एका जागी फडफडत थांबणारा पक्षी कोणता?

चार उमेदवार आहेत, त्यांतला एक शिकारी पक्षीच नाही.

पांढरा-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल, शेपटी पांढरी आणि आखूड: ती कापशी. थांबताना पंख बरेच वर धरते आणि पाय खाली लोंबकळत सोडून हळूहळू, जिना उतरल्यासारखी, टप्प्याटप्प्याने खाली येते. वर्षभर दिसते. डभोई, पादरा, वाघोडियाच्या रस्त्यांवर विजेच्या तारांवर बसलेली असते आणि बसल्या-बसल्या शेपटी वर-खाली करते. मुख्य खाणे शेतातले उंदीर, त्यामुळे शेतकऱ्याला हिच्यासारखी मदतनीस नाही.

विटकरी पाठ, तिच्यावर काळे ठिपके, लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाजवळ रुंद काळा पट्टा: ती खरूची. पंख टोकदार, कारण हा ससाणा आहे. नराचे डोके आणि शेपटी राखाडी, मादीची शेपटी आडव्या बारीक पट्ट्यांची. आपल्याकडे हिवाळ्यात येते.

आकाराने मोठा, घारीहून रुंद, खालून जवळजवळ पांढरा, गळा तपकिरी, डोके घुबडासारखे मोठे आणि डोळे पिवळे: तो सापमार गरुड. एवढा जाडजूड पक्षी वाऱ्यावर एका जागी उभा राहिलेला पाहिला की ओळखायला दुसरे काही लागत नाही. पायांवर पिसे नसतात.

चौथा तलावावरचा काळा-पांढरा कवड्या खंड्या. लांबून कापशी वाटतो. खाली पाणी असेल आणि पक्षी डोक्याने बुडी मारत असेल तर खंड्याच.

शिक्रा आणि पावशा यांत फरक काय? दर वेळी घोळ होतो.

घोळ व्हावा म्हणूनच पावशाने हे सोंग घेतले आहे. राखाडी पाठ, छातीवर तांबूस छटा, पट्ट्यांची शेपटी, उडण्याची ढब, सगळे शिक्र्याचे. हा पक्षी झाडात शिरला की सातभाई घाबरतात, आणि सातभाईंच्या घरट्यात अंडे घालायचे हाच त्याचा उद्योग. पावसाळ्याच्या तोंडाला तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ करीत ओरडतो तेव्हा प्रश्नच उरत नाही. गप्प बसलेला पावशा हा खरा त्रास.

चोचीकडे बघा. शिक्र्याची चोच आखूड, आकड्यासारखी वाकडी, मुळाशी पिवळा मेणकट भाग. पावशाची सरळसर, बारीक, आकडा नसलेली. डोळ्याभोवती पावशाला स्पष्ट पिवळे कडे असते. शिक्र्याला तसे कडे नाही, पण बुबुळ रंगीत: नराचे लाल, मादीचे पिवळट-नारिंगी. पाय दिसले तर निकाल लागला. शिक्र्याची तीन बोटे पुढे, एक मागे, नख्या काळ्या आणि लांब. पावशाची दोन पुढे, दोन मागे, आणि पाय अगदी काटकुळे. फांदीवर उतरल्यावर पावशा शेपटी वर उचलून हलवतो. शिक्रा उतरतो आणि पुतळ्यासारखा बसतो.

मोठ्या शिक्र्याच्या छातीवर बारीक आडव्या तांबूस रेघा असतात, पिल्लाच्या छातीवर उभे, थेंबासारखे तपकिरी ठिपके. दोघांच्या घशावर मधोमध एक रेघ असते, पिल्लात ती अधिक ठळक. कडुनिंबाच्या झाडात खारींनी एकाएकी चिटचिटाट मांडला आणि थांबेचनात, की खोडाजवळची आडवी फांदी तपासा. ‘टिटू, टिटू’ असा शिक्र्याचा आवाज आला तरी लगेच नोंद करू नका, कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो.

हिवाळ्यात शिक्र्यासारखा, पण जरा वेगळा पक्षी दिसला. तो स्पॅरोहॉक का?

शक्य आहे. युरेशियन स्पॅरोहॉकच्या घशावर मधली रेघ नसते, भुवई पांढरी असते आणि पाय लांब व बारीक. उडताना पंखाच्या टोकाची सुटी बोटे मोजा: स्पॅरोहॉकला सहा, शिक्र्याला पाच. डोळ्यांनी हे मोजता येत नाही, फोटो हवा. फोटो नसेल तर शिक्रा लिहिणे सुरक्षित.

विजेच्या खांबावर तासन्‌तास बसणारा मळकट तपकिरी पक्षी?

तिसा. पांढरा घसा, घशावर मधोमध एक आणि दोन्ही गालांवर एकेक काळी रेघ, फिकट पांढरे डोळे, चोचीच्या मुळाशी ठसठशीत पिवळा भाग, उडाला की तांबूस शेपटी. मानेमागे बहुधा पांढरट डाग असतो. आळशी वाटतो, पण बैठक त्याची शिकारीची आहे. टोळ, सरडे, उंदीर दिसला की थेट खाली. लहान तिशाचे डोळे तपकिरी असतात, म्हणून ‘डोळे पांढरे नाहीत, मग हा कोण?’ हा प्रश्न वारंवार येतो.

वढवाणा आणि टिंबी तलावावर काय बघावे?

डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळातला, सिंचनासाठी बांधलेला. 2021 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. बदके बघायला लोक जातात, पण बदके असतात तिथे शिकारीही असतात.

सर्वांत नेमाने दिसतो तो दलदली भोवत्या. मादी गडद तपकिरी, डोके आणि घसा मलईच्या रंगाचा. कमळ-पाणवनस्पतींवरून, पंख वर उचलून, सावकाश फेऱ्या घालते. नवख्यांना ती ‘पांढऱ्या डोक्याची घार’ वाटते, पण शेपटीला खाच नाही आणि घार इतक्या खालून, इतक्या चिकाटीने एकच पट्टा विंचरत नाही.

कैकर म्हणजे ऑस्प्रे हिवाळ्यात. वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यावरून गेलेली गडद पट्टी, पंख लांब आणि मनगटाशी इतके वाकलेले की लांबून समुद्रपक्षी वाटावा. पाय पुढे करून पाण्यात पडतो आणि मासा डोके पुढे करून नेतो, विमानाला लावलेल्या टाकीसारखा. पाण्यात खोवलेल्या वाळक्या खांबावर बसलेला सापडतो.

रामसरच्या नोंदीत वढवाणासाठी पल्लासचा मत्स्यगरुड आणि राखी डोक्याचा मत्स्यगरुड यांची नावे आहेत. म्हणून प्रत्येक फेरीत ते दिसतील असे नाही. मोठा तपकिरी गरुड पाण्याकाठच्या झाडावर दिसला तर तो हिवाळी पाहुणा मोठा ठिपक्यांचा गरुड आहे का, हे आधी तपासावे.

तलावावरची सगळी बदके एकदम उठली तर बदकांकडे बघू नका. त्यांच्या वर बघा. बहिरी ससाणा असेल तर पुढच्या दहा सेकंदांत दिसून जाईल.

आणि एक सूचना, पक्ष्यांशी संबंध नसलेली: विश्वामित्रीच्या काठावर दुर्बीण डोळ्यांना लावून मागे-पुढे करू नका. नदीत मगरी आहेत.

भोवत्यांच्या माद्या एकसारख्या दिसतात. काय करावे?

खरेच दिसतात. माळावरचे दोन नेहमीचे, माँटेग्यूचा आणि फिका भोवत्या. दोघांचे नर राखाडी, माद्या आणि पिल्ले तपकिरी. माद्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. दलदली भोवत्यात तो नसतो, त्यामुळे पहिली वाटणी तिथे होते.

नर सोपे. माँटेग्यूच्या पंखावर वरच्या बाजूने आडवी काळी रेघ, पोटावर तांबूस रेघोट्या. फिका भोवत्या खूपच पांढरट आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर. मादीत मानेभोवती बघा: फिक्या भोवत्यात फिकट गळपट्टा आणि त्याच्या मागे गडद पट्टा स्पष्ट असतो, माँटेग्यूच्या मादीत तो गळपट्टा नसतो किंवा अगदी पुसट. लांबून हे दिसत नसेल तर वहीत ‘माँटेग्यू किंवा फिका, मादी’ असे लिहा. खोटी खात्री लिहिण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

भोवत्ये मनसोक्त बघायचे तर भावनगर जिल्ह्यातले वेळावदर. संध्याकाळी गवतात रात्रीच्या मुक्कामाला शेकड्यांनी उतरतात, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. एका बैठकीत इतके नर-माद्या शेजारी-शेजारी दिसतात की फरक डोळ्यांत बसतो.

तपकिरी गरुडांपैकी कोणता, हे कसे ठरवायचे?

बऱ्याचदा ठरत नाही, आणि ते कबूल करायला लाजू नये. तरी बसलेल्या गरुडाचा जवळून फोटो मिळाला तर तीन गोष्टी तपासा.

पायाची नळी: बोटांपर्यंत पिसे असतील तर ठिपक्यांचे, रणगरुड, स्टेप, बूटेड, बोनेलीचा अशा खऱ्या गरुडांपैकी. उघडी पिवळी नळी असेल तर सापमार, सर्पगरुड किंवा मधुबाज.

नाकपुडी: गोल असेल तर ठिपक्यांच्या गरुडांचा कल, लांबट असेल तर रणगरुड किंवा स्टेप.

तोंडाची पिवळी कड: चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी पिवळी रेघ डोळ्याच्या मध्याखाली थांबते की मागच्या कडेपर्यंत जाते? स्टेप गरुडाची मागच्या कडेपर्यंत, रणगरुडाची मध्यापर्यंत. भारतीय ठिपक्यांच्या गरुडाची लांब आणि जाड, मोठ्या ठिपक्यांच्या गरुडाची आखूड. पक्षी वर बघत असेल किंवा चोच उघडी असेल तर हे मोजमाप चुकते, म्हणून बाजूने, चोच मिटलेली असतानाचा फोटोच वापरा.

उडणारा लहानसा गरुड, खालून अंग आणि पंखाचा पुढचा भाग पांढरा, मागची पिसे काळी: बूटेड गरुड. त्याचेच गडद रूप घारीसारखे दिसते, पण शेपटी सरळ असते. समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळाशी दोन पांढरे ठिपके चमकतात, गाडीच्या दिव्यांसारखे. घारीला ते नसतात.

पावागड आणि जांबुघोड्याच्या जंगलात काय वेगळे?

तिथे आवाजावर भिस्त ठेवा. सकाळी ऊन तापले की तुरेवाला सर्पगरुड वर जातो आणि लांबलचक, चढती किंकाळी मारत फिरतो. खालून पंखांवर एक रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवर दुसरा, इतके ठळक की उलट्या उजेडातही दिसतात. बसलेला असला तर डोळ्यांपासून चोचीपर्यंतची पिवळी कातडी आणि मागे झुकलेला झुबकेदार तुरा.

मोरघार दाट झाडीत, शांत बसते. पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. मधुबाजाला रंगावरून नव्हे, डोक्यावरून ओळखा: पारव्यासारखे छोटे डोके, लांब मान. शेपटीवर दोन-तीन रुंद गडद पट्टे. आग्या मोहोळाच्या आसपास घुटमळताना दिसतो, तेव्हा तुम्ही मात्र तिथे घुटमळू नका.

गिधाडे आता दिसतात का?

कमी. जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिले जाई; अशी मेलेली जनावरे खाऊन मूत्रपिंडे निकामी झाली आणि गिधाडे मेली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर. दिसलेच तर नोंद तारीख-ठिकाणासह जरूर करा, मात्र घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका. पांढरे गिधाड बऱ्याच जणांना घार वाटते: पांढरे अंग, काळी पंखपिसे, पिवळा चेहरा आणि पाचरीसारखी शेपटी.

दुर्बीण कोणती? कॅमेरा कसा लावावा?

8×42 घ्या, म्हणजे 8 पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10 पट मोठे दाखवणारी मोहक वाटते, पण हात हलला की प्रतिमाही तेवढीच हलते आणि फिरणारा पक्षी चौकटीत सापडत नाही. पक्ष्यावरून नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

कॅमेऱ्यात उडत्या पक्ष्यासाठी शटर 1/2000 च्या आसपास ठेवा आणि आकाशासमोर उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) +1 ते +1.7 पर्यंत वाढवा. न वाढवल्यास कॅमेरा आकाश सांभाळतो आणि पक्षी काळा ठिपका होतो. ओळखीसाठी आलेल्या फोटोंपैकी पुष्कळ याच कारणाने वाया जातात. कापशीसारखा पांढरा पक्षी गडद झाडीसमोर असेल तर उलट भरपाई कमी करा. फोनवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड वर सरकवला तरी फरक पडतो.

एकाच सुंदर फोटोऐवजी पाच साधे पाठवा: खालून, वरून, वळताना, शेपटी मिटलेली, शेपटी उघडी. सोबत तारीख, वेळ, ठिकाण. फोटो कापून, रंग वाढवून पाठवू नका, मूळ ठेवा. ॲपने सुचवलेले नाव तपासून घ्या, विशेषतः गरुड आणि भोवत्यांत.

कोणती वेळ, कोणता मोसम?

ऑक्टोबर ते मार्च. सकाळी सात ते नऊ पक्षी बसलेले असतात, तेव्हा चेहरा आणि पाय बघा. नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापून गरम हवा वर उठू लागली की मोठे पक्षी तिच्यावर गिरक्या घेत चढतात, तेव्हा पंख आणि शेपटी बघा. दुपारी ते इतके उंच जातात की मान दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पाहुणे गेलेले असतात, त्या दिवसांत खरूची किंवा माँटेग्यूचा भोवत्या दिसल्यासारखा वाटला तर दोनदा तपासा.

गच्चीवर घार झडप घालते. काय करावे?

हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून घारींची वीण चालते. जवळच्या झाडावर किंवा टॉवरवर घरटे असते आणि पिल्ले उडेपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्यावर मागून झेपावते. छत्री उघडून जा किंवा तिच्याकडे तोंड करून चाला. बघणाऱ्या माणसावर ती सहसा येत नाही. घरटे पाडू नका. काही आठवड्यांचा प्रश्न असतो, आणि घरटे पाडणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हाही आहे.

उत्तरायणात मांज्याने कापलेली घार सापडली तर?

14 आणि 15 जानेवारीला बडोद्यात हे घडतेच. घारी सकाळी खायला निघतात आणि संध्याकाळी झाडांवर परततात, त्याच वेळी आकाशात दोरे सर्वांत दाट असतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, पण काच लावलेला सुती मांजाही पंख कापतो.

गर्दी हटवा. जाड टॉवेल किंवा शाल मागून तिच्यावर टाका, डोकेही झाका. अंधार झाला की ती शांत होते. भीती चोचीची नाही, नख्यांची. म्हणून पंख अंगाशी मिटवून, पाय टॉवेलच्या आत धरून उचला. मांजा ओढू नका. ओढला की जखम हाडापर्यंत जाते. बाहेर लोंबणारा दोरा कात्रीने कापा, जखमेत रुतलेला तसाच राहू द्या. तळाची लांबी निदान 50 सेंटिमीटर असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडा, तळाशी जुने कापड अंथरा; वर्तमानपत्रावर पाय घसरतात. पक्षी आत ठेवून खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध, पाव, भात काहीही देऊ नका. हळद लावण्याची घाई नको.

मग 1962 वर फोन करा, ती गुजरातची प्राण्यांसाठीची रुग्णवाहिका. फोनवर पक्षी कोणता हे सांगता आले तर बरे, नाही आले तरी चालेल: आकार, जखम कुठे आणि तुमच्या सोसायटीजवळची खूण एवढे सांगा. ‘बरी वाटतेय’ म्हणून संध्याकाळी गच्चीवरून उडवून देऊ नका. पंखाचा स्नायू कापलेला असेल तर ती समोरच्या गल्लीत उतरेल, आणि रात्री तिथे कुत्री असतात.